पाहुण्यांची वही

दिलावर रोज विचारतो, तिकडं काय बघितलंस.
वीज गेलेली असते, लाखेचा वास गल्लीत साचलेला,
मी खुंट्यांना भोकं पाडत असतो.
समुद्र बघितला म्हणतो. थंड होता.

क्लबचं त्याला कसं सांगायचं?

दाराशीच अडवलं. कोट हवा.
मिरजेहून निघताना नौशीनसाठी सहा किलो चटणी बांधली,
कोट कुणाला सुचतो?
मग खुंटीवरचा त्यांचाच एक दिला,
बिनकोटाच्या माणसांसाठी टांगून ठेवलेला.
बाह्या माझ्या बोटांवर आल्या.

आत सगळं लाकूड.
छत लाकूड, जिना लाकूड, कपाटांच्या रांगा लाकूड,
आणि नखानं वाजवून बघणारं कुणी नाही.
भिंतीवर कप्तानांची नावं सोन्याच्या अक्षरात,
दोनशे वर्षं वरून खाली उतरत आलेली,
तळाशी चार ओळी कोऱ्या,
अजून शाळेत असतील ते कप्तान.

आमचे अब्बा नाव भोपळ्याच्या आत लिहायचे,
मग वर तबली चिकटवायचे.
सतार फुटली तरच कळायचं, कुणी केली.

मिसेस मॅकरे नावाच्या बाईंनी वही पुढं केली.
नाव लिहिलं. शिकलगार, मेहमूद.
होम क्लब?
सतारमेकर गल्ली, मिरज.
हँडिकॅप?
मी थोडा थांबलो. खोटं कशाला लिहा.
डाव्या कानानं कमी ऐकू येतं.
नौशीन तोंडावर रुमाल धरून खिडकीकडं वळली.
बाई हसल्या नाहीत,
वही वाचली, आणि चालत माझ्या उजव्या बाजूला आल्या.
तिथूनच पुढचं सगळं सांगितलं.

काचेत काठ्या होत्या. जुन्या, धनुकलीसारख्या निमुळत्या.
त्यांनाही दांडीच म्हणावं लागेल,
डोकं वेगळ्या लाकडाचं, गळ्यात सांधा,
सांध्यावर मेणाच्या दोऱ्याचे वेढे, शेजाराशेजारी,
एकही दुसऱ्यावर चढलेला नाही.
हे मी ओळखतो.
हे हात ओळखतात, मी तर नुसता उभा होतो.

तिसऱ्या काठीचा दोरा सुटलेला.
बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, वर्षभर तसाच आहे,
बांधणारा म्हातारा गेला.

किल्ली आणायला त्यांना बराच वेळ लागला.
कुणाकुणाला विचारून आल्या असाव्यात.
दोरा त्याच म्हाताऱ्याच्या खणातला होता,
अर्धी रीळ, त्याच्या दातांच्या खुणा असलेली.
मी कोट काढून ठेवला,
त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

सतारीला एकोणीस पडदे बांधतो मी, वर्षातून कितीदा,
हा विसावा.
शेवटची गाठ आत ओढून घेतली, टोक दिसत नाही आता.
मग राहवलं नाही, दांडी उजव्या कानाशी धरून
नखानं हळूच वाजवली.

ठक.

बस्स, एवढंच. सूर नाही, आस नाही.
शंभर वर्षं चेंडू मारून लाकूड मुकं झालं होतं,
किंवा त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं.
मी बाईंकडं बघितलं. छान आहे, म्हणालो.
पाहुण्यानं आणखी काय म्हणायचं.

काच लागली. पाटीवर काठी कुणाची, साल कोणतं,
सगळं लिहिलेलं. गाठीबद्दल नाही.
ते मला चाललं, खरं सांगतो.
भोपळ्यात लिहिल्यासारखं वाटलं.

कोट परत केला.
वही भरायला दिलेली पेन्सिल मात्र
डाव्या कानावर तशीच राहिली, सवयीनं.
विमानात बेल्ट लावताना सापडली.
बोटाएवढी, हिरवी, अंगावर क्लबचं नाव.

तिनंच आता दांडीवर पडद्यांच्या खुणा करतो.
दिलावर म्हणतो, एवढुशी पेन्सिल, फेकून दे की.
टोक काढतो तसं नाव झिजत चाललंय.
परवा मोजली,
तीन अक्षरं राहिलीत.